आधी स्वतःला टोचून घेणारे संशोधक : वाल्डेमार हाफकिन

२०२५ च्या जानेवारी महिन्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले, ते कुठल्या अभिमानाच्या गोष्टीसाठी नव्हे. शेगाव तालुक्यातील काही गावांत लहानथोरांचे केस अचानक गळू लागले होते. कारण कुणालाच उमगेना. अखेर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत उतरले आणि त्याने तपासणीसाठी नमुने गोळा केले. तुमच्यापैकी कित्येकांनी ती धावपळ जवळून पाहिली असेल.

अशा वेळी आपल्या मनात भीती असते, आणि त्या भीतीपोटी आपण हात पुढे करतो. परंतु तुम्ही कधी असा विचार केला आहे काय, की उपचारासाठी नव्हे तर संशोधनासाठी कोणी आपले रक्त नेले, तर ते रक्त कोणाचे? त्याचे पुढे काय होते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही? त्यात काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? आणि या कामाला लागणारा पैसा येतो कोठून व त्याचा हिशेब ठेवतो कोण?

हे प्रश्न आजचे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात एका माणसाच्या आयुष्याभोवती ते एकामागून एक उभे राहिले होते. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव तुम्ही ऐकले असेल. ज्यांच्या नावाने ती संस्था ओळखली जाते त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. ते वाचताना वर विचारलेले प्रश्न मनात जागे ठेवा, एवढीच विनंती.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरी, एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे. त्या काळी ते रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. त्या साम्राज्यात यहुद्यांची स्थिती फार कठीण होती. १८८१ साली ओडेशात यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. जंतुशास्त्रातील थोर संशोधक मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. अभ्यासात ते अव्वल होते, पण प्राध्यापकाची जागा हवी असेल तर धर्म बदलावा लागेल असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी नकार दिला. जागा गेली, माणूस ताठ उभा राहिला.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. काही काळ जिनीव्हात काढून ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत पोचले. तेथेही संशोधकाची जागा रिकामी नव्हती. म्हणून त्यांनी साहाय्यक ग्रंथपालाची नोकरी पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि मिळेल त्या वेळी प्रयोगशाळेत काम करावे, असा त्यांचा क्रम होता. विद्यार्थी मित्रांनो, हा तपशील मुद्दाम सांगितला आहे. ज्ञानाच्या घरात पुढच्या दाराने प्रवेश मिळाला नाही तर मागच्या दाराने जाण्यात कमीपणा नाही.

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, लाखो माणसे नेत असे. हाफकिन यांनी पटकीवरची लस तयार केली. जनावरांवर ती यशस्वी ठरली. आता प्रश्न आला माणसाचा. पहिला माणूस कोणता निवडावयाचा? गरीब, कैदी, नोकर, परका? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, दुखले, पण ते बरे झाले. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनी ती खुशीने घेतली.

हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश वकील होते. त्यांच्या सल्ल्याने हाफकिन १८९३ साली कलकत्त्यास आले. येथे लोक सुईला घाबरत. सरकारी माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि विश्वास बसावा असे सरकार वागतही नव्हते. शिवाय हाफकिन हे वैद्यकीय पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यामुळे गोऱ्या डॉक्टरांपैकी पुष्कळजण त्यांना आपल्यातला मानीत नसत. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या एका झोपडपट्टीत पटकी उद्भवली. हाफकिन तेथे गेले, तेव्हा आधी विरोध झाला. मग त्यांनी व त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले. त्यानंतर तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जण पुढे आले. पुढच्या दिवसांत त्या वस्तीत पटकीने जे दगावले ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. पटकीच्या या मोहिमेत त्यांनी एक नियम पाळला : जो आपणहून येईल त्यालाच टोचायचे. पुढची दोनअडीच वर्षे बंगालपासून पंजाबपर्यंत ते हिंडले, हजारो लोकांना लस दिली, आणि अखेर हिवतापाने खंगून १८९५ साली विश्रांतीसाठी विलायतेला गेले.

ते परत आले १८९६ साली, आणि त्याच वर्षी मुंबईवर मोठे संकट कोसळले. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच दिवसांत मुंबई ओस पडू लागली. पुढे हाच प्लेग आपल्या वऱ्हाडातही पोचला. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहण्याच्या आठवणी कित्येक घरांत आजीआजोबांनी सांगितलेल्या असतील.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाले. सरकारने त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा दिला; मदतीला एक कारकून व तीन शिपाई. लाखो जिवांचा प्रश्न, आणि साधने एवढीच! तेथे त्यांनी रात्रंदिवस राबून सुमारे तीन महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा तेच केले, जे पॅरिसमध्ये केले होते. डॉक्टर सहकाऱ्याकडून त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा होती १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे इतरांना देण्यात आली तिच्या कितीतरी पट. त्यांना सणसणून ताप भरला, तरी ते कामावर जात राहिले. मगच त्यांनी इतरांना विचारले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना लसीची माहिती देण्यात आली व जे तयार होते त्यांना ती टोचण्यात आली. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, त्याहून थोड्या अधिकांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ जण दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोदा संस्थानातील उंधेरा या खेड्यात प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली व निम्म्यांना तसेच ठेवण्यात आले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना झाला व २६ दगावले.

वाचकहो, या आकड्यांपाशी क्षणभर थांबा. लस गुणकारी आहे हे त्यांनी सिद्ध केले, यात शंका नाही. पण तुरुंगाच्या भिंतीआड असलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते? साहेबांनी विचारले आणि कैद्याने होकार दिला, यात भीती किती आणि खुशी किती? आणि उंधेऱ्याच्या त्या घरांत ज्या भावाला लस मिळाली नाही, त्याला आपण कशासाठी मागे राहिलो हे नीट समजावून सांगितले होते काय? त्या काळी असे प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. हाफकिन यांची नियत साफ होती. तरीही हे प्रश्न उरतात. चांगल्या माणसाच्या हातूनही संशोधनात अन्याय घडू शकतो. म्हणून माणूस चांगला असणे पुरेसे नसते, नियमही लागतात.

त्याच वेळी सरकारचे वागणे काय होते, तेही पाहा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या जोरावर घरात घुसून झडत्या घेतल्या जाऊ लागल्या, बायामाणसांची तपासणी होऊ लागली. पुण्यात त्या जुलमाचा शेवट जून १८९७ मध्ये रँडच्या खुनात झाला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात मुसलमान विणकरांच्या वस्तीत प्लेगच्या तपासणीवरूनच दंगल उसळली. जबरदस्तीने लोक रोग लपवू लागले आणि रोग वाढला.

या अंधारात एक दिवा आपल्याच समाजातून पुढे आला. खोजा इस्माइली समाजाचे तरुण इमाम सर सुलतान महंमद शहा, म्हणजे तिसरे आगाखान, त्या वेळी जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होते. लसीविषयी नाना अफवा उठल्या होत्या. आगाखानांनी भाषणे दिली नाहीत. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, आणि तीही पुन्हा पुन्हा. मुंबईतील खोजा समाजाचे हजारो लोक मग आपणहून पुढे आले. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. एक खोली आणि एक व्हरांडा अपुरा पडतो हे पाहून त्यांनी माझगावातील आपला खुश्रू लॉज हा प्रशस्त बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि कामाचा खर्चही उचलला. सरकारची खात्री पटून सरकारने सारा भार स्वतःकडे घेईपर्यंत हे चालले. मग १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

सरकारी तिजोरी हलण्याआधी एका धनवंताचा हात हलला, ही गोष्ट आपल्याला भूषणावह आहे. परंतु तिच्यातून दुसरा धडाही निघतो. ज्या कामावर लाखोंचे प्राण अवलंबून आहेत, ते कोणा एकाच्या औदार्यावर कायमचे सोडता येत नाही. त्याला नियमित पैसा हवा, आणि त्या पैशाचा चोख हिशेब हवा.

आता या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रकरण. १९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले. लसीची मागणी अफाट वाढली. लवकर आणि भरपूर लस तयार व्हावी म्हणून परळच्या प्रयोगशाळेत पद्धतीत बदल करण्यात आला : पूर्वी लसीत कार्बोलिक आम्ल मिसळीत, ते सोडून केवळ उष्णतेने ती निर्जंतुक करण्यात येऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली त्या १९ जणांना आठवडाभराने धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस माणसे मेली.

दुसऱ्या कुणालाही काही झाले नाही. बाटली कोणती, तीवर आकडा कोणता, ती परळहून कधी निघाली, हे सारे नोंदवह्यांत होते, म्हणूनच दोष त्या एका बाटलीपुरता होता हे कळू शकले. परंतु बाटलीत विष शिरले कोठे? परळला, की गावात उघडताना? मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेनकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. बाटली परळहून निघण्यापूर्वीच दूषित झाली होती असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना दूर करण्यात आले. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

आणि तरी कागदपत्रांत दुसरीही बाजू होती. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता; तो नीट उकळून न घेता कार्बोलिकमध्ये बुडवून तसाच वापरला गेला होता. बाटली उघडली तेव्हा लसीला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू त्यात आधीपासून वाढले असते तर दुर्गंधी यावयास हवी होती. चौकशीचा अहवाल १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. मग हिवतापाचे रहस्य उलगडणारे सर रोनाल्ड रॉस व अन्य नामांकित शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्स पत्रातून त्यांनी न्याय मागितला. अखेर त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला आणि ते पुन्हा हिंदुस्थानात आले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या एका लहान प्रयोगशाळेत त्यांना बसविले आणि लोकांना लस देऊन पाहण्याचे काम त्यांच्याकडे राहिले नाही. १९१४ साली ते निवृत्त झाले.

येथे दोन अन्याय आहेत, वाचकहो, आणि दोन्ही लक्षात ठेवावयास हवेत. एक हाफकिन यांच्यावर झाला. तो इतिहासाने नोंदला. दुसरा त्या १९ माणसांवर झाला. ती माणसे विश्वासाने हात पुढे करून आली होती. वर्षानुवर्षे वाद चालला तो प्रयोगशाळा दोषी की गावातला माणूस दोषी याचा. मेलेल्यांच्या बायकामुलांचे काय, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच नव्हता.

याच परळच्या प्लेग प्रयोगशाळेत १५ नोव्हेंबर १९११ रोजी एक बैठक भरली. देशातील वैद्यकीय संशोधनाला शिस्तीने पैसा पुरविण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था स्थापन झाली होती, तिच्या नियामक मंडळाची ती पहिली बैठक. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली तिचेच रूपांतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत झाले. शेगाव तालुक्यात जे पथक आले ते याच परिषदेचे. हाफकिन यांच्या परळहून निघालेला धागा असा थेट आपल्या शिवारापर्यंत पोचतो.

आज ही परिषद पैसा कसा देते? संशोधकाला आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो : काय करणार, कशासाठी, किती खर्चात. त्या विषयातील जाणकार तो तपासतात. माणसांवर संशोधन असेल तर नीतिविषयक समितीची मंजुरी मिळाल्यावाचून काम सुरू करता येत नाही. पैसा हप्त्याहप्त्याने मिळतो. मिळालेल्या पैशाचा खर्च, उपयोगिता प्रमाणपत्र आणि कामाचा वार्षिक अहवाल दिल्यावरच पुढचा हप्ता मिळतो. शाळेचे अनुदान ज्यांनी सांभाळले आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही.

नीतीचे नियमही टप्प्याटप्प्याने आले. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतील कैद्यांवर नाझी डॉक्टरांनी केलेल्या अघोरी प्रयोगांनंतर १९४७ साली न्युरेंबर्गची संहिता आली. तिचे पहिलेच कलम माणसाच्या स्वखुशीच्या संमतीचे आहे. १९६४ साली हेलसिंकीची घोषणा झाली. आपल्या परिषदेने १९८० साली आपले पहिले निवेदन काढले. २००० आणि २००६ साली विस्तृत मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि २०१७ साली ती नव्याने लिहिली गेली.

ही तत्त्वे हाफकिन यांच्या चरित्राशेजारी ठेवून पाहा. भायखळ्याच्या कैद्याविषयी आपण विचारले होते. आज कैदी, गरीब, लहान मुले, परावलंबी माणसे यांना दुर्बल गट मानून त्यांच्यासाठी जादा काळजी घ्यावी असे सांगितले आहे. उंधेऱ्याच्या भावाविषयी विचारले होते. आज प्रत्येकाला त्याच्या भाषेत सर्व माहिती देऊन, मगच लेखी संमती घ्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तटस्थ, साक्षर साक्षीदार हवा, आणि मग अंगठा. कोणत्याही क्षणी माघार घेण्याची मुभा आहे. माघार घेतली म्हणून नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत. मुलकोवालच्या १९ जणांविषयी विचारले होते. आज संशोधनामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा त्या माणसाचा हक्क आहे, उपकार नव्हे. समितीत केवळ डॉक्टर असून चालत नाही. कायदा जाणणारा, समाजशास्त्रज्ञ आणि तुमच्याआमच्यासारखा सामान्य माणूसही हवा, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा हवा.

आणि सुरुवातीचा प्रश्न? रक्त कोणाचे? २०१७ च्या तत्त्वांनुसार दिलेला नमुना हा देणाऱ्याचाच असतो. संस्था केवळ त्याची राखणदार. आपल्या घरांत यासाठी एक जुना शब्द आहे : अमानत. सांभाळणाऱ्याने ती जपावी, तिचा हिशेब द्यावा, आणि तिच्यावर मालकी सांगू नये.

निवृत्तीनंतर हाफकिन फ्रान्स व पुढे स्वित्झर्लंडमध्ये राहिले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईहून लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. त्यांनी लग्न केले नाही. आपली सारी पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील आपल्या समाजाच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

तुमच्या दारात उद्या कोणी नमुना मागायला आले तर दार बंद करू नका. लोकांनी हात पुढे केले म्हणूनच प्लेगची लस सिद्ध झाली. पण हात पुढे करण्याआधी शांतपणे विचारा : हे कशासाठी आहे, धोका काय, कोणत्या समितीने मंजुरी दिली, आणि निकाल आम्हाला केव्हा कळेल? असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आणि आमच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी प्रयोगशाळेत बाटल्यांवर आकडे लिहील, तर कोणी आपल्या निरक्षर शेजाऱ्याला संमतीचा कागद वाचून दाखवील. बाटलीवरचा आकडा आणि तो कागद, दोन्ही नीट लिहा, नीट वाचा. त्यांच्या मागे कोणाचा तरी जीव असतो.